परमुलखाचे पैलवान

जुलै १९७२ मध्ये जपानच्या नागोया शहरातली सुमोची पंधरा दिवसांची स्पर्धा संपली, तेव्हा करंडक घ्यायला जो गडी पुढे आला तो जपानी नव्हता. जेसी कुहाउलुआ हे त्याचं मूळ नाव, हवाई बेटांपैकी माऊईवरचा जन्म आणि आखाड्यातलं नाव ताकामियामा. बक्षीस समारंभात अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचं अभिनंदनाचं पत्र इंग्रजीत वाचून दाखवलं गेलं. परदेशात जन्मलेल्या मल्लाने सुमोची वरिष्ठ श्रेणीची स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्या दिवशी हा अपवाद वाटला असेल. पुढे काय होणार याची कल्पना कुणालाच नव्हती. जानेवारी २००६ मध्ये तोचिआझुमा जिंकला आणि त्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये कोतोशोगिकू. मधली दहा वर्षं जपानच्या भूमीवर जन्मलेल्या एकाही मल्लाला हा करंडक मिळाला नाही. तो मंगोलियाने नेला, बल्गेरियाने नेला, एस्टोनियाने नेला. जपानचा राष्ट्रीय खेळ म्हणवणाऱ्या या खेळाची चव पाहुण्यांनी राखली, असं कुणी म्हटलं तर त्याला खोडून काढणं अवघड आहे.

राळेगावसारख्या कापसाच्या तालुक्यात सुमोवरची पुस्तिका कशाला, हा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्तच म्हणायचा. बहुतेकांनी सुमो पाहिलेला असतो तो टीव्हीवर, दोन मिनिटांसाठी, हसण्यावारी नेत. जाड माणसांची ढकलाढकली, एवढाच ग्रह. पण हाच वाचक कुस्तीच्या बाबतीत अडाणी नाही. पोळ्याच्या सुमारास किंवा गावच्या जत्रेत दंगल लागली की पंच दोन पोरांना शेजारी उभं करून नजरेनेच जोड ठरवतात, तेव्हा ही जोड बरोबरीची नाही म्हणून ओरडणारे म्हातारे कडेला बसलेलेच असतात. डाव कुठे फसला, पकड कुठे सुटली, हे त्यांना बरोबर दिसतं. त्यांच्यासाठी सुमो समजून घेणं मुळीच कठीण नाही, फक्त दोन-तीन गोष्टी मनातून काढून टाकाव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे चितपट. सुमोत पाठ टेकवावी लागत नाही. तळपायाखेरीज अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला, किंवा साडेचार मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर पाऊल पडलं, की हार. त्यामुळे बहुतेक लढती काही सेकंदांत संपतात. दुसरी गोष्ट वजनाची. वजनगट नावाचा प्रकारच नाही. शंभर-सव्वाशे किलोचा गडी दोनशे किलोच्या गड्यासमोर उभा राहतो आणि कुणी जोड चुकली म्हणत नाही. कोनिशिकी हा हवाईचा मल्ल २८० किलोच्या वर गेला होता, तरी त्याला त्याच्या निम्म्याहून हलक्या मल्लांनी पाडलेलं आहे. तिसरी गोष्ट क्रमवारीची, आणि परदेशी पोराची खरी परीक्षा तिथेच लागते.

सुमोत एकावर एक सहा श्रेण्या आहेत आणि मल्ल आहेत सहाशेच्या आसपास. दर दोन महिन्यांनी स्पर्धा होते, आणि प्रत्येक स्पर्धेनंतर क्रमवारी नव्याने लिहिली जाते. निम्म्याहून जास्त लढती जिंकल्या तर वर, हरल्या तर खाली. दुखापत झाली, घरी बसावं लागलं, तर तेही हरल्यातच जमा. वरच्या दोन श्रेण्यांतल्या ७० जणांना महिन्याचा पगार मिळतो. त्याखालच्यांना पगार नाही. राहायला, जेवायला तालमीत मिळतं आणि स्पर्धेपुरता किरकोळ भत्ता.

या तालमीला तिकडे हेया म्हणतात आणि वस्तादाला ओयाकाता. हेयातली सकाळ जवळून पाहण्यासारखी असते. पहाटे सगळ्यात आधी उठतात ती खालच्या श्रेणीतली पोरं. माती झाडून, शिंपून तीच पहिल्यांदा उतरतात. एक पाय कमरेच्या वर उचलायचा, क्षणभर तोलायचा आणि धाडकन जमिनीवर आपटायचा; मग दुसरा. हे शंभर-शंभर वेळा. वरचे मल्ल उशिरा येतात, सरावाला उतरतात आणि मग लहानग्याला छाती देतात. पोराने डोकं खाली घालून, सगळं बळ लावून त्या छातीला वर्तुळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेटायचं. शेवटी वरचा गडी त्याला मानेला धरून मातीत लोळवतो आणि पुन्हा उभा करतो. श्वास लागेपर्यंत, काही वेळा डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सराव संपला की आंघोळीला आधी मोठे. जेवायलाही आधी मोठेच बसतात आणि धाकटे मागे उभे राहून त्यांना भात वाढतात. मोठ्या पातेल्यातला तो चांकोनाबे, म्हणजे भाज्या, मासे, कोंबडी यांचा रस्सा, तळाशी उरला असेल तेवढा यांच्या वाट्याला. भांडी घासणं, कपडे धुणं, मोठ्यांची पाठ चोळणं हेही त्यांनाच.

आपल्याकडच्या तालमीतही वस्तादाची पाठ रगडणं आणि मोठ्या पैलवानाची थंडाई घोटणं नवं नाही. पण तिथे पोरगं आपल्या मुलखात, आपल्या भाषेत असतं. माऊईहून फेब्रुवारी १९६४ मध्ये टोकियोला उतरलेल्या जेसीला थंडी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, आणि खालच्या श्रेणीच्या मल्लांनी ऐन हिवाळ्यातही सुती यूकाता, म्हणजे पातळ झगाच घालायचा असा दंडक. स्वेटर नाही, पँट नाही. रस्त्यावरसुद्धा केस तेल लावून वर बांधलेले आणि पायात लाकडी खडावा. जपानी भाषा शिकणं सक्तीचं, कारण तालमीत दुसरी भाषाच नाही. लहानपणी एका मोटारीने उडवल्यामुळे त्याचे पाय अधू होते. पायांना बळ यावं म्हणून हवाईतच त्याला सुमो सुचवला गेला होता. त्या पायांवर तो पुढे वरच्या श्रेणीत सलग १,२३१ लढती लढला, एकही न चुकवता. चाळिशीला टेकला तेव्हा, १९८४ मध्ये, त्याने आखाडा सोडला.

बाहेरचा गडी येऊन तालमीचा मान वाढवतो हे महाराष्ट्राला परकं नाही. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं आणि १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं. महाराजांनी पंजाबचे मल्ल आणवले, सांभाळले, त्यांच्याशी स्थानिक पोरांच्या जोडी लावल्या. पहिला हिंदकेसरी ठरलेला श्रीपती खंचनाळे मूळचा बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचा. १९५९ मध्ये त्याने बंतासिंगला हरवलं आणि कोल्हापूरने तो आपलाच मानला. फाळणीनंतर तर पाकिस्तानातून आलेला सादिक पंजाबी कोल्हापूरच्या तालमीत घडला आणि तिथल्या प्रेक्षकांचा लाडका झाला. पासपोर्ट, सीमा, युद्धं हे सगळं मधे असताना. विदर्भात अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, आणि त्या मंडळाचा चमू १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला गेला होता. म्हणजे आपल्या मातीची ये-जा जगाशी जुनीच. फरक एवढाच की इथे बाहेरच्याला सामावून घेताना कुणी नियमांचं पुस्तक काढलं नाही. जपानने काढलं.

१९७६ मध्ये जपानच्या सुमो संघटनेने ठरवलं की निवृत्तीनंतर संघटनेत ज्येष्ठ म्हणून राहायचं, म्हणजे वस्ताद व्हायचं असेल, तर माणूस जपानी नागरिक हवा. ताकामियामा तेव्हा वरच्या श्रेणीत होता. आखाड्यात घाम गाळायला परका चालतो, पण गादीवर बसायचं तर त्याने परकेपण कागदावर सोडलं पाहिजे, असा त्याचा सरळ अर्थ. पुढच्या पानांतल्या सगळ्या शब्दचित्रांमधून हा एक धागा जातो, म्हणून तो इथेच सांगून ठेवला. ताकामियामाने १९८० मध्ये अमेरिकन नागरिकत्व सोडलं आणि १९८६ मध्ये स्वतःची तालीम काढली. परदेशात जन्मलेला तो पहिला वस्ताद.

मुळात परका कोण, हेही वाटतं तितकं साधं नाही. जपानमध्ये व्यावसायिक कुस्तीचा जनक मानला जाणारा रिकिदोझान आधी सुमो मल्ल होता आणि जन्माने कोरियन. हे मूळ त्याने लोकांपासून लपवून ठेवलं. साठच्या दशकातला सगळ्यात मोठा मल्ल ताइहो सखालिन बेटावर जन्मला, तेव्हा त्या बेटाचा दक्षिण भाग जपानच्या ताब्यात होता. त्याचा बाप युक्रेनियन. ताइहोने ३२ स्पर्धा जिंकल्या आणि जपानने त्याला आपला पराक्रमी पुत्र म्हणून मिरवलं. ते बरोबरच होतं. पण वीस वर्षांनी कोनिशिकीच्या वेळी हेच औदार्य कुठे गेलं, असं विचारावंसं वाटतं.

योकोझुना म्हणजे सर्वोच्च पद. ते फक्त लढती जिंकून मिळत नाही. सलग दोन स्पर्धा जिंकणं हा ढोबळ निकष, पण शिवाय एक सल्लागार समिती आहे आणि ती मल्लाची प्रतिष्ठा, वागणूक, भारदस्तपणा तपासते. हा निकष मोजायला कुठलाही काटा नाही. १९८७ मध्ये ओझेकी, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर पोचलेला कोनिशिकी हा पहिला परदेशी. नोव्हेंबर १९९१ आणि मार्च १९९२ अशा दोन स्पर्धा त्याने जिंकल्या, मधली एक हुकली. पद मिळालं नाही. सलग दोन नव्हत्या, हे खरं. पण समितीच्या एका सदस्याने परदेशी योकोझुना नकोच अशा आशयाचा लेख लिहिला आणि अमेरिकन वर्तमानपत्रांत वंशभेदाची चर्चा पेटली. कोनिशिकीला माफी मागावी लागली. तो त्या पदावर कधीच पोचला नाही.

वर्षभराच्या आत पोचला तो आकेबोनो. ताकामियामाच्याच तालमीत तयार झालेला हवाईचा दोन मीटरहून उंच गडी. जानेवारी १९९३ मध्ये दुसरी सलग स्पर्धा जिंकल्यावर समितीला नाही म्हणायला जागाच उरली नाही. पाच वर्षांनी नागानोच्या हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला सगळ्या जगासमोर योकोझुनाचा पारंपरिक प्रवेशविधी याच आकेबोनोने केला. जपानची ओळख जगाला करून द्यायला उभा होता हवाईच्या बेटावर वाढलेला बास्केटबॉलपटू. एप्रिल २०२४ मध्ये, ५४ व्या वर्षी, तो गेला.

हवाईची लाट ओसरली आणि मंगोलियाची आली. १९९२ मध्ये ओशिमा तालमीने एकदम सहा मंगोल पोरं आणली. मार, भाषा, जेवण, घरची ओढ यांनी ती इतकी हैराण झाली की काही महिन्यांतच त्यांच्यातली बहुतेक तालमीतून पळून टोकियोतल्या मंगोलियाच्या दूतावासात जाऊन बसली. समजूत घालून त्यातली काही परत आणली. परतलेल्यांपैकी क्योकुतेन्हो पुढे जपानी नागरिक झाला आणि मे २०१२ मध्ये, ३७ व्या वर्षी, त्याने आयुष्यातला पहिला आणि एकमेव करंडक जिंकला. विजययात्रेच्या मोटारीत त्याच्या बाजूला ध्वज धरून बसला होता त्या काळचा सर्वश्रेष्ठ योकोझुना हाकुहो. योकोझुनाने खालच्या मल्लाचा झेंडा धरावा हे सहसा घडत नाही. दूतावासात पळून गेलेल्या त्या पोरांनी वाट पाडली नसती तर आपण इथे नसतो, हे हाकुहोला पक्कं ठाऊक असणार.

कारण हाकुहोची सुरुवात तर त्याहून केविलवाणी. बाप मुंखबात मंगोलियाचा नामवंत मल्ल, १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमधला रौप्यपदक विजेता. पण २००० साली जपानला आलेला हा १५ वर्षांचा मुलगा ६२ किलोचा, काडी. कुठलीही तालीम घ्यायला तयार होईना. परतीची वेळ आली तेव्हा मंगोलियाच्याच क्योकुशुझानने रदबदली केली आणि एका तालमीने होकार दिला. सात वर्षांत तो योकोझुना झाला. २०१० मध्ये सलग ६३ लढती जिंकला, २०१५ मध्ये ताइहोचा विक्रम मागे टाकला आणि ४५ स्पर्धा जिंकून २०२१ मध्ये थांबला. वस्ताद व्हायचं म्हणून २०१९ मध्ये त्याने मंगोलियाचं नागरिकत्व सोडलं. ज्याच्या बापाने त्या देशासाठी ऑलिम्पिक पदक आणलं, त्याने.

एवढं करूनही गादी टिकली नाही. त्याच्या एका शिष्याने धाकट्यांना मारहाण केल्याचं २०२४ मध्ये उघडकीला आलं, हाकुहोची पदावनती झाली, तालीम बंद झाली आणि त्याची पोरं दुसऱ्या तालमीत पाठवली गेली. जून २०२५ मध्ये त्याने संघटनाच सोडली. मारहाण गंभीरच होती. सुमोत ती आधीपासून आहे, आणि २०१७ मध्ये हारुमाफुजी या दुसऱ्या मंगोल योकोझुनालाही धाकट्या मल्लाला मारल्यावरून जावं लागलं. तरी जपानी वस्तादाला इतकी कडक शिक्षा झाली असती का, अशी कुजबुज तिथल्या रसिकांतही झाली. प्रस्तुत लेखकाचं मत विचाराल तर शिक्षा योग्य होती, पण तेच माप सगळ्यांना लागायला हवं होतं.

हाकुहोची पोरं ज्या तालमीत गेली ती आता तेरुनोफुजी चालवतो. तोही मंगोल. २०१५ मध्ये ओझेकी झालेला हा मल्ल गुडघे आणि मधुमेह यांमुळे घसरत घसरत खालून दुसऱ्या श्रेणीत जाऊन पडला. काल ज्यांच्याकडून पाठ चोळून घेत होता त्यांच्या रांगेत. पगार बंद. तिथून तो २०१९ मध्ये पुन्हा चढू लागला, जुलै २०२० मध्ये वरची स्पर्धा जिंकला आणि २०२१ मध्ये योकोझुना झाला. सुमोत इतक्या खालून वर आल्याचं दुसरं उदाहरण नाही, आणि या पुस्तिकेतलं सगळ्यात मोठं प्रकरण त्याच्यावर आहे ते याचसाठी. मंगोलियाच्याच असाशोर्यूवर त्यामानाने कमी लिहिलं आहे. २५ करंडकांचा धनी, अफाट ताकदीचा, पण दुखापतीचं कारण देऊन मायदेशी गेला आणि तिथे फुटबॉल खेळताना कॅमेऱ्यात सापडला. त्याच्याबद्दल बोलणारे सगळीकडे भेटतात.

युरोपची वाट कुस्तीमधून आली, म्हणून आपल्या वाचकाला ती जास्त जवळची वाटावी. बल्गेरियाचा कालोयान माहल्यानोव्ह मॅटवरचा मल्ल होता. सिडनी ऑलिम्पिकनंतर सर्वात वरच्या वजनगटाची मर्यादा १३० वरून १२० किलोवर आणली गेली आणि त्याचं शरीर त्यात मावेना. वजनगट नसलेला खेळ म्हणून तो सुमोत आला, कोतोओशू झाला आणि २००८ मध्ये करंडक जिंकणारा पहिला युरोपीय ठरला.

आणि अगदी अलीकडचा आओनिशिकी. युक्रेनच्या विनित्सिया शहरात २००४ मध्ये जन्मलेला दानिलो यावहुसिशिन. २०१९ मध्ये कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेसाठी तो जपानला आला होता, तिथे एका जपानी विद्यार्थ्याशी ओळख झाली. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा त्याने याच मित्राला निरोप धाडला, तुझ्याकडे आसरा मिळेल का? मित्राच्या कुटुंबाने घर उघडं केलं. २०२३ मध्ये व्यावसायिक पदार्पण, मार्च २०२५ मध्ये वरिष्ठ श्रेणी, नोव्हेंबर २०२५ मध्ये फुकुओकाची स्पर्धा खिशात आणि लगोलग ओझेकीपद. ताइहोच्या बापाचा देश असा साठ वर्षांनी पुन्हा क्रमवारीच्या माथ्याशी पोचला. परदेशी मल्लांवर संघटनेने घातलेली मर्यादा मात्र कायम आहे. एका तालमीत एकच परदेशी, आणि २०१० पासून हा हिशेब नागरिकत्वावर न करता जन्मावरून केला जातो, म्हणजे नागरिकत्व बदलूनही जागा मोकळी होत नाही.

भारतातून कुणी? एक नाव मुंबईचं आहे. ज्युदोतून आलेल्या हेतल दवे यांनी मुंबईच्या मैदानांवर सराव करत सुमोचा ध्यास घेतला आणि २००९ मध्ये तैवानच्या काओशुंग इथल्या वर्ल्ड गेम्समध्ये त्या भारतातर्फे उतरल्या. त्यांच्या आयुष्यावर बेतलेला ‘सुमो दीदी’ हा चित्रपट २०२३ च्या टोकियो चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. पण ही सगळी हौशी सुमोतली गोष्ट. व्यावसायिक सुमोत बाईला प्रवेशच नाही. एप्रिल २०१८ मध्ये माइझुरू शहरात भाषण करताना महापौर आखाड्यावरच कोसळले, प्रेक्षकांतल्या परिचारिका धावत वर चढल्या आणि छातीवर दाब देऊ लागल्या, तर ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली की स्त्रियांनी खाली उतरावं. संघटनेला नंतर माफी मागावी लागली. नियम आहे तिथेच आहे. परदेशी पुरुषाला पन्नास वर्षांत जे मिळालं ते जपानी बाईलाही मिळालेलं नाही. हे प्रकरण छोटं असलं तरी वाचकाने ते वगळू नये.

आता वाचता वाचता पाहायचंच असेल तर थोडी व्यवहाराची माहिती. वर्षात सहा स्पर्धा असतात. जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या टोकियोत, मार्चची ओसाकाला, जुलैची नागोयाला आणि नोव्हेंबरची, म्हणजे इकडे कापूस वेचणी जोरात असते तेव्हाची, फुकुओकाला. वरच्या श्रेणीच्या लढती तिथल्या संध्याकाळी चारच्या पुढे सुरू होतात आणि सहाच्या आत संपतात; आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेबारा ते अडीच वाजलेले असतात. लढतीआधी मीठ उधळणं, बसणं, उठणं, परत मीठ उधळणं हे चार मिनिटं चालतं. त्याला कंटाळू नये, तेवढ्या वेळात दोघे एकमेकांना जोखत असतात. कुस्ती पाहणाऱ्याची नजर सवयीने हातांच्या पकडीकडे जाते. सुमो पाहताना पहिले दोन-तीन दिवस ती खाली, पायांकडे ठेवावी. ज्याचा तळवा मातीवरून उचलला न जाता घासत पुढे सरकतो तो बहुतेक वेळा जिंकतो, आणि टाच वर गेली की समजावं, गडी बाहेर जाणार.